माढ्याचा रोज : जुन्या कागदांतील मजुरी कशी वाचावी

जुन्या दप्तराचा रुमाल सुटला म्हणजे संग्राहकाचा हात प्रथम सनदेकडे जातो, मग महजराकडे, मग थोरांच्या पत्रांकडे. रुमालाच्या तळाशीं राहिलेल्या रोजकीर्दी, बलुत्यांच्या याद्या, गवंडी-बेलदारांचे हिशेब आणि सालदारांच्या नोंदी बहुधा तशाच पुनः बांधून ठेविल्या जातात. त्यांत लढाई नसते, वतनाचा तंटा नसतो, कोणा घराण्याची कीर्तिहि नसते. परंतु ज्या माणसांनीं तट बांधले, तलाव खणले व शेतें नांगरलीं, त्यांचा उल्लेख इतिहासांत कोठें झालाच असेल तर तो याच कागदांत, आणि तोहि एका आंकड्यासमोर. तो आंकडा म्हणजे त्यांचा रोज. हा रोज तेवढाच कां होता, एक पैसा अधिक कां नव्हता किंवा एक पैसा उणा कां नव्हता, हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाहीं. प्रस्तुत लेखांत तो विचारावयाचा आहे, आणि उत्तर शोधण्यासाठीं सोलापूर जिल्ह्यांतील माढा तालुक्याचें उदाहरण घेतलें आहे.

माढ्याचें नांव इतिहासाच्या वाचकांस अपरिचित नाहीं. तेथील गढी व माढेश्वरीचें स्थान हीं निजामाच्या पदरचे सरदार रावरंभा निंबाळकर यांच्या नांवाशीं जोडलेलीं आहेत. भीमा व सीना या दोन नद्यांमधील हा मुलूख. पाऊस बेभरंवशाचा, जमीन कोठें काळी तर कोठें बरड. ज्या आष्टीस ता. २० फेब्रुवारी १८१८ रोजीं बापू गोखले धारातीर्थीं पडले, ती आष्टी इंग्रजी अमलांत माढा तालुक्यांतच मोडत असे. आज ती मोहोळ तालुक्यांत आहे. बापू गोखल्यांमुळें आष्टी प्रत्येक इतिहासप्रेमी माणसास ठाऊक असते. पण त्याच आष्टीस पुढें साठ वर्षांच्या आंत जो मोठा तलाव झाला, त्याची माती वाहणारीं माणसें कोण होतीं व त्यांस रोज काय मिळत होता, हें विचारणारा विरळा. तो तलाव १८७६-७७ च्या दुष्काळांतील काम होय. त्याची हकीकत पुढें येईलच. तत्पूर्वीं जुन्या कागदांतील वेतनाचे प्रकार एकदां नीट लावून घेतले पाहिजेत.

१. वेतनाचे शब्द व त्यांतील फसगत

मराठी कागदांत मजुरीस एकच शब्द नाहीं. दरबारी चाकराची ती तैनात किंवा मुशाहिरा. खर्चापुरता हप्त्यानें दिलेला तो रोजमुरा. धान्याचा नेमलेला शिधा ती अडशेरी. गांवकामगाराचें तें बलुतें. वर्षाच्या गड्याचें तें साल. आणि मोलकऱ्याची ती मजुरी. रोख रक्कम असेल तर नख्त व जिन्नस असेल तर ऐनजिनसी असा भेद हिशेबांत केलेला आढळतो. जेथें कांहींच द्यावयाचें नाहीं तेथें वेठ अथवा बिगार हा शब्द येतो. तोहि मजुरीच्याच इतिहासाचा भाग आहे, कारण शून्य हाहि एक दर आहे.

आतां फसगत कोठें होते तें पाहूं. समजा, एका यादींत एका कामगाराची नख्त रक्कम दुसऱ्याच्या निम्मी आहे. यावरून पहिला निम्म्या किंमतीचा कारागीर होता असें अनुमान काढणें धोक्याचें आहे. त्यास शिधा मिळत होता काय? साल बारमाही धरलें होतें कीं दहामाही? रुपया कोणत्या टांकसाळीचा व त्यास बट्टा किती? माप कोणत्या पेठेचें? पुण्याकडील चालीप्रमाणें चार शेरांची पायली, बारा पायल्यांचा मण व वीस मणांची खंडी धरली, तरी शेरच गांवोगांव निराळा. या प्रश्नांचीं उत्तरें मिळाल्यावांचून आंकडा मुका राहतो. पेशवाईच्या अखेरच्या व इंग्रजी अमलाच्या आरंभीच्या काळांतील पुणें प्रांताच्या किंमती व मजुरी यांचा जो अभ्यास वि. दा. दिवेकर यांनीं केला, त्याचें मोल हेंच कीं सुटा आंकडा न घेतां वर्षानुवर्षांचे दर एकमेकांशेजारीं मांडून त्यांनीं ते बोलके केले.

पण एवढ्यानेंहि काम पुरें होत नाहीं. दर किती हें कळलें तरी तो कोणी व कशावरून ठरविला हें उरतेंच. आमच्या मतें या बाबतींत एक सूत्र ध्यानांत ठेवल्यास पुष्कळ कागद उलगडतात. तें असें : मजुराचा रोज तो करीत असलेल्या कामावरून जितका ठरतो, त्याहून अधिक तो तें काम सोडून कोठें जाऊं शकतो यावरून ठरतो. ज्यास जाण्यास दुसरी वाट आहे त्याला धनी मान देतो. ज्याच्या सर्व वाटा बंद, त्याचा रोज धन्याच्या मर्जीवर. पुढील सर्व उदाहरणें याच कसोटीवर घांसून पाहावयाचीं आहेत.

२. उपरी, मिरासदार व बलुतेदार

पहिलें उदाहरण मजुरीचें दिसत नाहीं, पण आहे तिचेंच. मिरासदार व उपरी हा भेद वाचकांस ठाऊक आहे. मिरासदाराची जमीन वंशपरंपरेची, त्यास गांवांत मान. उपरी हा बाहेरून आलेला, कराराची मुदत संपली कीं चालता होणारा. यांत हलका सारा मानकऱ्यास मिळत असेल असें सहज वाटेल. प्रत्यक्षांत उलट होतें. एल्फिन्स्टनच्या १८१९ च्या अहवालांतहि मिरासदारावर साऱ्याचा भार जड होता व उपरी करारानें जमीन करीत असे, असें चित्र आहे. कारण उघड आहे. मिरासदार बापजाद्यांची पांढरी सोडून जाणार नाहीं, हें पाटलास व कमाविसदारास पक्कें ठाऊक. उपरी मात्र उद्यां शेजारच्या परगण्यांत जाईल, म्हणून त्याला राखण्यासाठीं सूट. मान एकाला, सवलत दुसऱ्याला.

कौल व इस्तावा यांचाहि अर्थ हाच. दुष्काळ किंवा धामधूम होऊन मुलूख ओस पडला कीं सरकार कौल देई, आणि पहिल्या वर्षीं थोडा, पुढें चढता सारा घेण्याचा इस्तावा करी. १६३०-३२ चा दुष्काळ किंवा १८०२-०४ ची होळकर-पेंढाऱ्यांची धामधूम व महागाई यांनंतर जमीन पुष्कळ आणि हात थोडे अशी स्थिति झाली. हात थोडे झाले कीं हाताची किंमत चढते. आपल्या कागदांत ही चढलेली किंमत रोजाच्या रकान्यांत दिसत नाहीं. ती साऱ्याच्या सुटींत दिसते. म्हणून इस्ताव्याचा कौल हातीं आल्यास संग्राहकानें तो महसुलाचा कागद एवढेंच न मानतां, त्या परगण्यांत माणसाच्या श्रमाला त्या सालीं किती मागणी होती याचा तो पुरावा आहे असेंहि समजावें.

बलुतेदारांची गोष्ट याच्या उलट टोंकाची. सुतार, लोहार, चांभार, महार, मांग, कुंभार, न्हावी, परीट, गुरव, जोशी इत्यादि बलुतेदारांस खळ्यावर पेंढ्यांनीं व धान्यानें वांटा मिळे. थोरली, मधली व धाकटी अशा ओळी करून वांट्याचें मान ठरलेलें असे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गांवगाडा’ (१९१५) या ग्रंथांत या रचनेचें व तिच्यांतील ओढाताणीचें बारीक वर्णन आहे. या पद्धतींत दर बाजारानें ठरत नसे, रिवाजानें ठरे. त्याचा एक लाभ होता. धान्य महागलें तरी सुताराच्या पेंढ्या तितक्याच राहत. महागाईची झळ रोख मजुरास जशी लागे तशी त्यास लागत नसे. पण तोटा त्याहून मोठा. पीकच बुडालें तर वांटा कशाचा? शिवाय वतनदार दुसऱ्या गांवीं जाऊन आपल्या कसबाचें अधिक मोल मागूं शकत नसे, कारण तेथें दुसऱ्याचें वतन.

यांत महार वतनाची स्थिति सर्वांत कठीण. चाकरी केव्हांहि, कितीहि व कोणाचीहि. मोबदला मात्र इनामाचा तुकडा व बलुतें एवढाच, तोहि पिढ्यान्‌पिढ्या ठरलेला. वेळेस मर्यादा नाहीं आणि मोबदल्यास वाढ नाहीं, असा हा करार. डॉ. भीमराव आंबेडकर यांनीं १९२८ सालीं मुंबईच्या कायदेमंडळांत १८७४ च्या वतन कायद्याच्या दुरुस्तीचें बिल मांडलें. त्याकडे सामाजिक चळवळीचा भाग म्हणून पाहिलें जातें तें योग्यच आहे. पण मजुरीच्या इतिहासांतहि तें महत्त्वाचें आहे. वतनाचा मोह हीच बेडी असून ती तुटल्यावांचून श्रमाचें खरें मोल मिळणार नाहीं, हा विचार त्यामागें होता. तें बिल पास झालें नाहीं. कनिष्ठ गांववतनें मुंबई राज्याच्या १९५८ च्या कायद्यानें नष्ट झालीं.

३. आष्टीचा तलाव व दुष्काळी रोज

आतां मुख्य उदाहरणाकडे वळूं. १८७६ चा पाऊस दख्खनेंत चुकला. सोलापूर जिल्ह्यांत खरीप गेला, रब्बीची पेरणी झाली नाहीं. अशा वेळीं मजुरीच्या बाजारास काय होतें, हें नीट समजून घेण्यासारखें आहे. पीक नाहीं म्हणून शेतांत काम नाहीं. शेतकऱ्यापाशीं पैसा नाहीं म्हणून विणकराचें लुगडें खपत नाहीं, सुताराचा नांगर कोणी करीत नाहीं. म्हणजे धान्याची किंमत चढते त्याच वेळीं श्रमाची किंमत कोसळते. माणूस उपाशी मरतो तो मुलुखांत धान्याचा दाणा नसतो म्हणूनच असें नाहीं. त्याच्या हातांतील श्रम देऊन त्या बदल्यांत धान्य मिळेनासें होतें म्हणूनहि मरतो. अमर्त्य सेन यांनीं दुष्काळ व दारिद्र्य यांवरील आपल्या १९८१ च्या ग्रंथांत हा विचार शास्त्रशुद्ध रीतीनें मांडला.

सरकारनें दुष्काळी कामें काढलीं. रस्ते, ताली, तलाव. आष्टीचा तलाव त्यांतील मोठ्या कामांपैकीं एक. आरंभीं पुरुषास दोन आणे रोज असे. बायकांस व मुलांस त्याहून कमी. पुढें धान्य महागल्यावर रोज धान्याच्या भावाशीं जोडण्यांत आला : पुरुषास एक रत्तल धान्याची किंमत आणि वर एक आणा. जानेवारी १८७७ मध्यें हिंदुस्थान सरकारचे दुष्काळी प्रतिनिधि सर रिचर्ड टेंपल यांच्या काटकसरीच्या धोरणास अनुसरून हलक्या कामांवरील पुरुषाचा रोज एक रत्तल धान्य व अर्धा आणा इतका उतरविण्यांत आला. पूर्ण रोज ज्यास हवा त्यानें घरापासून दूरच्या मोठ्या कामावर जावें व तेथें नेमून दिलेलें काम पुरें करावें, अशी योजना होती.

या दराचा हिशेब करून पाहिल्यास जुने आंकडे कसे वाचावेत याचा उत्तम धडा मिळतो. उदाहरणादाखल धान्याचा भाव रुपयास सोळा रत्तल धरा. मग एका आण्यास एक रत्तल. पूर्ण रोज दोन आणे झाला, आणि सर्व पैसे धान्यांत घातले तर दोन रत्तल धान्य आलें. आतां भाव रुपयास आठ रत्तल झाला असें धरा. एक रत्तलाची किंमत दोन आणे. त्यावर अर्धा आणा मिळून उतरविलेला रोज अडीच आणे. हजेरीपटांत पाहणाऱ्यास रोज दोन आण्यांवरून अडीच आण्यांवर गेला, म्हणजे चढला, असें दिसेल. पण त्या अडीच आण्यांचें धान्य येतें सव्वा रत्तल. आण्यांच्या रकान्यांत रोज चौथाईनें वाढला, पोटांत तो तिसऱ्या हिश्शाहूनहि अधिक उतरला. शिवाय मीठ, मिरची, सरपण व वस्त्र हें सर्व त्यांतूनच. वरचा अर्धा आणा ठराविक असल्यामुळें भाव जसजसा चढे तसतसें त्या अर्ध्या आण्याचें धान्यहि कमी कमी होत जाई. अशा हजेरीपटाचें पान एखाद्या संग्रहांत असेल आणि त्याशेजारीं त्या आठवड्याचा बाजारभाव नसेल, तर तें पान सत्य सांगूनहि वाचकास फसवील.

हा दर इतका खालीं कां आणतां आला? कारण त्या महिन्यांत तालुक्यांत श्रम विकत घेणारा एकच होता. शेतकरी, सावकार, विणकर, वाणी या सर्वांनीं काम देणें बंद केलेलें. विकणारे हजारों आणि घेणारा एक, अशा बाजारास अर्थशास्त्रांत स्वतंत्र नांव आहे. जोन रॉबिन्सन या विदुषीनें १९३३ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत त्याची मीमांसा केली. धनी एकटा असला म्हणजे कामाच्या खऱ्या उपयोगाइतका रोज देण्याचें त्याला कारण उरत नाहीं. मजूर निघून जाणार नाहीं एवढाच रोज त्याला पुरतो. सरकारचा हेतु नफ्याचा नव्हता, खर्च आंवरण्याचा होता. शिवाय दुष्काळी रोज बाजारच्या रोजाहून कमी असला म्हणजे पाऊस पडतांच लोक आपण होऊन शेताकडे परततील, असाहि विचार होता. तो विचार सर्वस्वीं चुकीचा म्हणतां येणार नाहीं. पण बाजारच जेथें उरला नाहीं तेथें ‘बाजाराहून कमी’ याला तळ कोणता?

तो तळ मजुरांनीं दाखवून दिला. रोज उतरल्याचें व दूरच्या कामावर जाण्याचें फर्मान निघतांच मुंबई इलाख्याच्या दख्खनी जिल्ह्यांत हजारों माणसांनीं कामें सोडलीं. हातांत शस्त्र नाहीं, दंगा नाहीं. टोपल्या ठेवल्या व चालते झाले. पुणें सार्वजनिक सभेनें, जिचे आधारस्तंभ गणेश वासुदेव जोशी होते, जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती मिळवून सरकारकडे एकामागून एक निवेदनें धाडलीं व या रोजावर माणूस जगूं शकत नाहीं असें प्रतिपादिलें. मद्रास इलाख्यांत आरोग्य खात्याचे डॉ. कॉर्निश यांनींहि एक रत्तलाच्या शिध्यावर वैद्यकीय दृष्टीनें कडक हरकत घेतली. सरकारी कागदांत मजुरांच्या या वागण्याचा अर्थ, त्यांस खरी गरज नव्हती, असा लाविलेला आढळतो. आमच्या मतें तो अर्थ टिकत नाहीं. मैलोगणती चालत जावें, घरीं म्हातारीं माणसें व गुरें सोडावीं, आणि तेथें मिळणाऱ्या धान्यापेक्षां अधिक ताकद माती उपसण्यांत खर्चावी, हा व्यवहार मजुरानें मनांतल्या मनांत मांडून पाहिला व तोट्याचा ठरविला. निजामाच्या मुलुखाची हद्द जवळ. कांहींजण तिकडे गेले, कांहीं इतर प्रांतांत, आणि कित्येकांस जाण्यास जागाच नव्हती.

परिणाम शिरगणतींत उमटला आहे. सोलापूर जिल्ह्याची लोकसंख्या १८७२ सालीं सुमारें ७ लाख १९ हजार होती. १८८१ सालीं ती सुमारें ५ लाख ८२ हजार भरली. या तुटींत मेलेले किती व परागंदा झालेले किती, हें त्या दोन आंकड्यांवरून वेगळें करतां येत नाहीं. पण दर पांच-सहा माणसांमागें एकाची जागा रिकामी झाली, इतकें स्पष्ट आहे. पुढें १८८० सालीं दुष्काळ कमिशनचा अहवाल आला व १८८३ पासून दुष्काळी नियमांची संहिता तयार झाली. रोज किती द्यावा हें माणसाला जगण्यास काय लागतें यावरून ठरवावें, ही गोष्ट नियमांत तरी मान्य झाली. आष्टीचा तलाव आजहि आहे. तो त्या वेळच्या रोजाचा सर्वांत मोठा दस्तऐवज समजावा.

४. नव्या वाटा

१८७७ च्या मजुरास जाण्यास जागा नव्हती. पण हीच स्थिति सर्वकाळ नव्हती. रेल्वेचा रस्ता १८५९-६० मध्यें याच तालुक्यांतून सोलापुरास पोंचला होता. अमेरिकेंतील यादवी युद्धाच्या काळांत, म्हणजे १८६१ ते १८६५ पर्यंत, कापसाचे भाव चढले, जिकडे तिकडे कामें निघालीं आणि इलाख्यांत मजुरीहि चढली. १८७७ च्या सुमारास सोलापुरास कापडाची पहिली गिरणी चालू झाली. १८९७ मध्यें कुर्डुवाडीहून बार्शीकडे अरुंद मापाची बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली व पुढें कुर्डुवाडी हें रेल्वेच्या कामगारांचें गांव बनलें. माढ्याच्या कुणब्याच्या पोरास गांवच्या सालाशिवाय दुसरी वाट प्रथमच डोळ्यांसमोर दिसूं लागली. पाटलाच्या वाड्यावरील सालदार गिरणींत गेला नाहीं तरी चालेल; तो जाऊं शकतो एवढी जाणीव दोघांस असली म्हणजे पुढल्या पाडव्यास सालाचा करार वेगळा होतो.

मात्र वाट दिसणें व वाटेस लागतां येणें यांत अंतर आहे. सालदारानें लग्नकार्यास किंवा बैलास उचल घेतली असेल तर ती फिटेपर्यंत पाय बांधलेला. ही उचल जुन्या हिशेबांत कर्जाच्या बाजूस लिहिलेली सांपडते, व सालाचा आंकडा दुसऱ्याच पानावर. दोन्ही पानें जोडून वाचलीं तरच करार समजतो. हीच रीत आजहि नव्या रूपानें चालू आहे. १९८० च्या सुमारास उजनीचें धरण पुरें झाल्यावर माढा तालुक्यांत ऊंस वाढला, साखर कारखाने आले. ऊंसतोडीस येणारीं जोडपीं, ज्यांस एक कोयता म्हणून मोजतात, मुकादमाकडून हंगामापूर्वीं उचल घेतात व टनाच्या दरानें ती फेडतात. दर वाटाघाटीनें राज्यभर ठरतो. परंतु उचल घेतलेला माणूस हंगामाच्या मध्यें दुसरीकडे अधिक दर मिळाला तरी जाऊं शकत नाहीं. शब्दहि तोच आणि गांठहि तीच.

याच्या उलट प्रयोग १९७२ च्या दुष्काळांत महाराष्ट्रानें केला. वि. स. पागे यांच्या कल्पनेंतून रोजगार हमी योजना आली. तिचा कायदा १९७७ सालीं झाला व १९७९ च्या २६ जानेवारीपासून अमलांत आला. जो काम मागेल त्यास काम देण्याची जबाबदारी सरकारनें पत्करली. १८७७ मध्यें एकुलत्या एक धन्यानें आपल्या बळानें रोज खालीं नेला. हमीच्या योजनेंत सरकारनें तेंच बळ मजुराच्या पारड्यांत टाकलें. कारण हमीचें काम उपलब्ध आहे म्हटल्यावर गांवांतला बागाइतदार त्याहून फार खालीं रोज सांगूं शकत नाहीं. २००५ सालीं केंद्र सरकारनें याच धर्तीवर देशभराचा कायदा केला. त्याचा परिणाम तपासणाऱ्या क्लेमां अँबेर व जॉन पॅप यांच्या २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत असें आढळलें कीं, जेथें योजना खरोखर चालली तेथें खासगी शेतांवरील साध्या मजुरीचे दरहि वर गेले. म्हणजे हमीच्या कामावर न गेलेल्यासहि त्या कामानें लाभ दिला.

येथें एक शंका येईल. दर वरून ठरविला तर धनी माणसें कमी करील, हा जुना सिद्धान्त आहे. तो निराधार नाहीं. दर फारच चढविला तर तसें होईलच. पण मर्यादेंत चढविला तर काय होतें याचा प्रत्यक्ष तपास डेव्हिड कार्ड व ॲलन क्रूगर यांनीं अमेरिकेंत केला. १९९२ सालीं न्यू जर्सी संस्थानानें किमान मजुरी वाढविली, शेजारच्या पेनसिल्व्हेनियानें वाढविली नाहीं. दोन्हीकडील खाणावळी तपासतां, मजुरी वाढली तेथें नोकऱ्या कमी झाल्याचें दिसलें नाहीं. हा शोध १९९४ सालीं प्रसिद्ध झाला, त्यावर पुष्कळ वाद झाला, आणि कार्ड यांस २०२१ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. हद्दीच्या दोन बाजू ताडून पाहण्याची ही रीत आपल्या माढ्यास फार लागू आहे. शतकभर या तालुक्याच्या शेजारीं निजामाची हद्द होती. एकच पाऊस, एकच माती, आणि दोन अंमल. दोन्ही बाजूंच्या गांवांचे मजुरीचे कागद मिळाले तर अमलाचा परिणाम मजुरीवर किती होतो, हें येथेंच मोजतां येईल.

दुसरा एक शोध जुन्या रिवाजावर प्रकाश टाकतो. सुप्रीत कौर यांनीं २०१९ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत भारतीय जिल्ह्यांतील शेतमजुरीचे दर व पाऊस यांची तुलना केली. चांगल्या पावसाच्या सालीं दर चढतो; पण पुढें पाऊस हटला तरी दर सहसा खालीं येत नाहीं, त्याऐवजीं कामाचे दिवस कमी होतात. गांवाचा रोज ही एक प्रकारची अब्रू असते. त्याखालीं काम करणें व देणें दोन्ही कमीपणाचें. म्हणून एखाद्या वहींत लागोपाठच्या वर्षांत एकच दर दिसल्यास गांव सुखांत होतें असें समजूं नये. दर स्थिर असतां किती दिवस काम मिळालें, हें त्याच वहींतील हजेऱ्या मोजून पाहावें. दुष्काळ दराच्या रकान्यांत लपतो व दिवसांच्या रकान्यांत उघडा पडतो.

५. संग्राहकांस विनंति

वरील विवेचनाचा सारांश असा कीं रोज हा वस्तूच्या किंमतीसारखा सुटा आंकडा नव्हे. तो दोन माणसांमधील बळाबळाचा निवाडा आहे. उपऱ्याची सूट, बलुतेदाराची पेंढी, आष्टीच्या तलावावरील एक रत्तल व अर्धा आणा, सालदाराची उचल आणि हमीचें काम, हे सर्व एकाच प्रश्नाचे निरनिराळे निकाल आहेत. तो प्रश्न म्हणजे : हा माणूस येथून उठून कोठें जाऊं शकतो?

माढा, करमाळा, बार्शी, मोहोळ व पंढरपूर या भागांतील जुन्या वाड्यांत, देवस्थानांच्या दप्तरांत व व्यापाऱ्यांच्या पेढ्यांत असे कागद अजून निघूं शकतील. ज्यांच्या हातीं ते येतील त्यांस विनंति इतकीच कीं, सनद काढून घेऊन वह्या रद्दींत घालूं नयेत. वही जपून ठेवावी. तींत मजुरीबरोबर धान्याचा भाव, नाण्याचें नांव, माप, शिधा, कामाचे दिवस व उचल यांच्या नोंदी असल्यास त्यांची नक्कल एकत्र करावी. बायकांचा व मुलांचा रोज वेगळा लिहिला असल्यास तोहि सोडूं नये. आणि वही कोणत्या गांवची, कोणत्या हद्दींतली, हें वेष्टणावर न चुकतां लिहावें.

बापू गोखल्यांचा घोडा कोठें पडला हें शोधण्यासाठीं आष्टीच्या माळावर इतिहासप्रेमी जातात. त्यांनीं परत फिरतांना तलावाच्या बांधावरहि घटकाभर उभें राहावें. तेथील प्रत्येक टोपली मातीचा रोज कोणीतरी मोजून दिला होता आणि कोणीतरी मोजून घेतला होता. त्या मोजणीचा कागद सांपडला तर तोहि इतिहासाचा अस्सल कागद होय.